संगणकातलं काचेचं दार

कापगते सरांनी बाबांच्या खोलीला काचेचं दार बसवायचं ठरवलं, त्या दिवशी घरात कोणाचाही विरोध नव्हता. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण असा दिवस त्यांच्या वाट्याला पुढे बरेच महिने आला नाही.

सर म्हणजे वीरेंद्र कापगते. गोंदियातल्या एका तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकवतात. दुसऱ्यांच्या पोरांना घरं बांधायला शिकवण्यात उमेदीची वर्षं गेली आणि स्वतःचं घर आत्ता कुठे स्लॅबपर्यंत आलं. तोवर बिऱ्हाड भाड्याच्याच घरात. नव्या घरात मधे अंगण, अंगणाच्या एका अंगाला स्वयंपाकघर आणि समोरच्या अंगाला बाबांची खोली. खोलीचं दार अंगणात उघडणारं, म्हणजे तोंड पश्चिमेला. हे दार काचेचं असावं ही कल्पना सरांच्या बायकोची, पुष्पांजलीची.

तिला त्यात शोभा वगैरे काही नको होती. सरांचे वडील देवचंदबाबा चिचगडकडच्या गावी एकटेच राहत. गेल्या वैशाखात ते भर दुपारी आपल्या खोलीत भोवळ येऊन पडले. दार लाकडाचं, आतून कडी. शेजारच्या धुरपताबाईंनी गंजभर ताक आणलं, हाका मारल्या, तेव्हा कुठे गावाला कळलं आणि चौघांनी मिळून दार बिजागऱ्यांतून उचकटलं. बाबा वाचले. पण तेव्हापासून पुष्पांजलीच्या डोक्यातून ते दार गेलं नाही.

"मामाजींना इथं आणायचं," ती सासऱ्यांबद्दल म्हणाली, "आणि खोलीला काच पाहिजे. फोडणी देता देता मला ते दिसले पाहिजेत."

बाबा यायला तयार झाले, पण अट घालून. "येतो. पण माह्या घरापेक्षा गरम असन, त् एक दिवसबी राहणार नाही. परत जाईन." बाबांचं गावचं घर मातीच्या जाड भिंतींचं आणि कवेलूंच्या छपराचं. ते थंड असतं हे सर वर्गात दर वर्षी शिकवत, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती.

आता कोणीही म्हणेल, कूलर बसवा. शेजारचे चुन्नीलालजी हेच म्हणाले. चुन्नीलालजी रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि बांधकाम चालू असलेल्या प्रत्येक घरासमोर खुर्ची टाकून बसण्याची त्यांना आवड. "सरजी, इतना दिमाग काहे को खपा रहे हो? कूलर ले आओ, बात खतम." पण बाबांना कूलर चालत नाही. त्या ओल्या हवेनं त्यांचे गुडघे धरतात. हे सांगितल्यावर चुन्नीलालजींनी गुडघ्यांवरचे चार उपाय सांगितले आणि दाराचा विषय मागे पडला.

तिकडे काचवाला बिसराम घाई करत होता. दाराची काच भट्टीतून कडक करून आणावी लागते, आणि एकदा ती कडक झाली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, काहीच करता येत नाही. "सर, मंग ब्रह्मदेव आला तरी अर्धा इंच कमी करू शकत नाही," बिसराम म्हणाला. "काय ते आताच पक्कं सांगा."

साधा माणूस असता तर त्यानं हो किंवा नाही म्हटलं असतं. पण सरांनी बिसरामच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अंदाजावर घर बांधायचे दिवस गेले. मी आधी संगणकात दार बसवून पाहतो."

त्यांच्या कॉलेजात एक सॉफ्टवेअर आलं होतं. घराचा नकाशा त्यात घातला की ऊन किती आत येईल, वारा कुठून शिरून कुठून निघेल आणि कोणत्या महिन्यात कोणत्या वेळी खोली किती तापेल, हे ते सगळं आधीच सांगतं. ते आलं त्या दिवशी संगणकासमोर नारळ फुटला होता, प्राचार्यांचं भाषण झालं होतं आणि त्यानंतर त्याला कोणी हात लावला नव्हता. सरांनी लावला.

सॉफ्टवेअरने विचारलं, भिंतीतली ही मोकळी जागा दार आहे की खिडकी?

सरांना हसू आलं. एवढा मोठा शहाणा प्रोग्राम आणि विचारतो काय! त्यांनी 'दार' निवडलं. थोड्या वेळानं उत्तर आलं: वैशाखातल्या भर दुपारी बाबांची खोली एकतीस अंश. सरांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी स्टाफरूममध्ये आलूबोंडे मागवले, आणि आपल्या पूर्वजांनी तलाव बांधले त्या पाण्याच्या अभ्यासाचाच हा पुढचा टप्पा असल्याचं सांगितलं. सर जातीचे कोहळी. तलाव त्यांच्या बोलण्यात कुठूनही येतो.

त्यांच्याच विभागातल्या अंजू टेंभरे मॅडम बोंडा खात पडद्याकडे पाहत होत्या. "सर, ह्यात ऊन कुठंय?"

"बाहेर आहे ना."

"बाहेर आहे हो, आत येत नाहीये. तुम्ही 'दार' निवडलं, म्हणजे ह्याच्या लेखी ते लाकडाचं. आरपार दिसत नाही."

सरांनी बोलायला तोंड उघडलं आणि तोंडात बोंडा असल्याचं निमित्त करून मिटलं. बाकीचे बोंडे तोवर संपले होते, त्यामुळे मागवलेले परत करायचाही प्रश्न नव्हता.

मग सरांनी 'खिडकी' निवडली. ऊन भराभर आत आलं, पण नवीच पंचाईत झाली. खिडकी म्हटल्यावर त्या प्रोग्रामने ती कायमची बंद धरली आणि खोलीत शिरायला वाटच ठेवली नाही. पडद्यावर बाबांची खोली चारी बाजूंनी बंद डब्यासारखी दिसत होती. सरांनी घरी ते चित्र पुष्पांजलीला कौतुकाने दाखवलं.

"आणि मामाजींना आत कसं नेणार?" ती म्हणाली. "वरून सोडणार?"

नेमका हाच घोळ मंजुरीच्या कचेरीतही वाढून ठेवला होता. त्या कचेरीचं नाव इथे घेत नाही, कारण सरांचं नळाचं कनेक्शन अजून व्हायचं आहे. तिथे उदारामबाबू म्हणून लिपिक होते. दार बदललं म्हणून सुधारलेला नकाशा द्यायला सर गेले, तर उदारामबाबूंनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "हे दारात लिहू का खिडकीत?"

"दारच आहे."

"मंग खोलीले खिडकीच नाही. उजेड कुठून येईन? नामंजूर."

"बरं, खिडकीत लिहा."

"मंग खोलीले दार नाही. बिनदाराच्या खोलीत माणूस ठेवता येत नाही. मीच नाही म्हणत, नियम म्हणते."

"दोन्हींत लिहा!"

"एकच वस्तू दोन ठिकाणी? सर, तुम्ही शिकले-सवरले माणसं." उदारामबाबूंनी हे इतक्या दुःखानं म्हटलं की सरांना स्वतःची लाज वाटली. शेवटी साहेबांना विचारायचं ठरलं. साहेब निवडणुकीच्या कामावर होते. निवडणूक झाली, तर साहेब मोजणीवर गेले. मोजणी झाली, तर साहेबांची बदली झाली. नवीन साहेबांनी नकाशा पाहून विचारलं, "हे दार आहे की खिडकी?" अखेर उदारामबाबूंनीच सगळ्यांची दया येऊन 'दार (पाहण्याचे)' असं लिहून टाकलं आणि शिक्का मारला.

प्रोग्राममध्येही तसंच काहीतरी असणार, या आशेनं टेंभरे मॅडमनी शोधाशोध केली आणि कोपऱ्यातल्या यादीत तिसरा पर्याय सापडला: काचेचं दार. सरांना आपला हरवलेला नातेवाईक भेटल्यासारखं झालं. पण तो पर्याय निवडताच प्रश्नांची फैर सुरू झाली. काच किती जाड? एकेरी की दुहेरी? खाली फट किती? पूर्ण उघडतं की अर्धं? आणि मुख्य म्हणजे, दिवसभरात केव्हा उघडं असतं आणि केव्हा बंद? लग्न ठरताना सरांच्या सासरच्यांनीही एवढी चौकशी केली नव्हती.

हे वेळापत्रक त्यांनी पुष्पांजलीला विचारून भरलं. प्रोग्रामला शब्द कळत नव्हते, फक्त एक आणि शून्य कळत होतं. सरांनी स्वतःपुरता एक सोपा नियम केला: जे लावलं त्याला एक, जे लावलेलं नाही त्याला शून्य. सोप्या नियमांचा त्यांना फार अभिमान.

"पंखा?"

"दुपारी लावलेला."

एक.

"दिवा?"

"संध्याकाळी लावतो."

एक.

"दार?"

"सकाळी उघडं. ऊन चढलं की लावायचं. तिन्हीसांजेला झळ कमी झाली की उघडायचं ते रात्रभर उघडं, जाळीचं तेवढं लोटून ठेवायचं. हे काय विचारायचं असतं? सगळं गाव असंच राहते."

सर भरत गेले. एक, शून्य, एक, शून्य. सगळं झाल्यावर त्यांनी कळ दाबली. बाहेर पंचेचाळीस अंश असताना बाबांची खोली: सत्तेचाळीस.

सरांनी पुन्हा कळ दाबली. सत्तेचाळीस. काच जाड केली, साडेसेहेचाळीस. दुहेरी केली, तेवढंच. दारावर पत्र्याचं छत टाकलं, तरी सेहेचाळिसाच्या खाली काटा यायला तयार नाही. प्रोग्रामचं म्हणणं सरळ होतं, की बाबांनी अंगणात उन्हात बसावं, ते परवडेल.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. बातमी सरांनीच चुन्नीलालजींना सांगितली होती, मग दुसरं काय होणार. चुन्नीलालजी म्हणाले, काच को हरी जाली बाँध दो. बिसराम म्हणाला, काळी फिल्लम चिटकवा. कॉलेजच्या शिपायानं काचेला शेणानं सारवायला सांगितलं, आणि सारवलेल्या काचेतून बाबा कसे दिसतील, असं विचारल्यावर तो म्हणाला, "त् मंग काच कायले लावता?" स्टाफरूममध्ये आलूबोंडे आले की सगळे त्यांच्याकडे पाहत, आणि सर आलूबोंडे खायचेच बंद झाले.

घरी मात्र कोणी हसलं नाही. ते न हसणं सरांना सगळ्या टिंगलीपेक्षा जड गेलं. भाजी निवडता निवडता पुष्पांजली म्हणाली, "मग लाकडीच करा. पण आतली कडी काढून टाका."

तिथेच बाबा बसले होते. गुडघे दाखवायला ते शहरात आले होते आणि सरांच्या भाड्याच्या घरात उतरले होते. "बिनकडीच्या खोलीत झोपाले मी का ढोर आहो?" ते म्हणाले. "राहू द्या. मी आपल्या घरीच बरा. तिथं थंडबी आहे आन् कडीबी आहे."

"त्या कडीनंच तर..." पुष्पांजली म्हणाली.

सरांना एकदम कळलं. आपण इतके दिवस दाराशी खेळत होतो आणि खरी गोष्ट ही आहे, की बाबा परत त्या दाराआड जाणार. एखाद्या दुपारी परत पडले, तर धुरपताबाईंना त्या दिवशी ताक घेऊन यायचं सुचेलच असं नाही. त्यांनी बिसरामला फोन लावला आणि काच थांबवायला सांगितली. फोन ठेवताना त्यांना रडू येईल की काय असं वाटलं, पण ते शिक्षक असल्यामुळे त्यांनी नुसता घसा खाकरला.

बाबांचा शहरातला तो शेवटचा दिवस. जेवणं झाली होती. बाहेर रस्ता तापून पांढरा पडला होता. बाबा खाटेवर टेकले आणि म्हणाले, "वीरेंद्र, पंखा लाव."

सरांनी लावला.

"दार लाव. झळ येऊन राह्यली."

सर उठले. दारापाशी गेले. कवाड धरलं, अर्धं लोटलं, आणि तसेच उभे राहिले.

"काऊन उभा राह्यला? लाव ना."

"बाबा," सर कुजबुजले, "पंखा लावला की काय होते?"

"फिरते."

"आन् दार लावलं की?"

बाबांनी पुष्पांजलीकडे पाहिलं. "पोराले ऊन लागलं का?"

"दार लावलं की काय होते, बाबा!"

"बंद होते! काय होईन? नाचंन का?"

सरांनी दार धाडकन लावलं आणि लगेच धाडकन उघडलं. पंखा लावला, म्हणजे चालू. दिवा लावला, म्हणजे चालू. दार लावलं, म्हणजे बंद! आणि त्यांनी तिन्हींपुढे एकच लिहिलं होतं. प्रोग्रामच्या लेखी एक म्हणजे उघडं. बिचाऱ्यानं सांगितलं तसं केलं: वैशाखाच्या भर दुपारी दार सताड उघडून सगळी लू बाबांच्या अंगावर घेतली, आणि तिन्हीसांजेला गार वारा सुटताच ते घट्ट लावून घेऊन ती आग रात्रभर आत कोंडून ठेवली. सत्तेचाळीस दाखवले ही त्याची सभ्यता म्हणायची.

सर चप्पल शोधू लागले. पुष्पांजलीला अजून अर्धंच कळलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून चांगलं काहीतरी आहे एवढं तिनं ताडलं. "अहो, डोक्याला दुपट्टा तरी बांधा!" ती ओरडली, तोवर स्कूटर कोपऱ्यावर गेली होती.

कॉलेज रिकामं होतं. सरांनी दारापुढचे सगळे एक पुसून शून्य केले आणि शून्य पुसून एक केले. दारावर थोडं खोल छत ठेवलं, कारण पश्चिमेचं ऊन काही व्याकरण पाहून येत नाही. कळ दाबली, आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पडद्यावर छत्तीस होते.

छत्तीस! पुण्या-मुंबईच्या माणसाला छत्तिसाचं काय कळणार. आमच्याकडे वैशाखात दुपारी छत्तीस अंश म्हणजे माणूस अंगावर चादर ओढून घेतो. सर खुर्चीत मागे रेलले आणि कितीतरी वेळ नुसते हसत बसले. अंगातला कुठला तरी स्क्रू इतके दिवस आवळला होता, तो कोणीतरी सैल केल्यासारखं त्यांना वाटलं. मग त्यांनी आधी घरी आणि नंतर बिसरामला फोन केला. स्टाफरूममध्ये मात्र त्यांनी 'सॉफ्टवेअरला मराठी क्रियापदांची थोडी अडचण होती' एवढंच सांगितलं. टेंभरे मॅडमनी शिपायाला आलूबोंडे आणायला पाठवलं.

काच बसली. अर्धा इंचसुद्धा चुकली नाही. घर पूर्ण झालं, वैशाख आला, बाबा गाठोडं घेऊन आले. त्यांनी खोलीत शिरून भिंतीला हात लावून पाहिला, फरशीवर अनवाणी उभे राहिले आणि भर दुपारी खाटेवर आडवे झाले. सर तापमापक घेऊन अंगणात घुटमळत होते. आत जावं की नको, हे त्यांना समजत नव्हतं. तेवढ्यात आतून घोरण्याचा आवाज आला. सरांनी तापमापक खिशात घातला.

इतकं सगळं झाल्यावर पुढे काही व्हायला नको होतं. पण बाबा उठले, त्यांनी काचेकडे पाहिलं, एक सुतळी मागून घेतली आणि काचेवर आतून आपला पांढरा दुपट्टा टांगला.

पुष्पांजलीचा हात कढईवर तसाच राहिला. समोर नुसतं पांढरं फडकं दिसत होतं.

सर सांगायला गेले. बाबा म्हणाले, "मी का दुकानातली मिठाई आहो? येणारा-जाणारा काचेतून पाह्यते. तो तुया चुन्नीलाल खुर्ची घेऊन आला होता."

हे खरं होतं. पुष्पांजली म्हणाली, राहू द्या, त्यांचं मन आहे. मग ती मधूनमधून पाणी घेऊन जाई, मग चहा, मग 'मामाजी, चष्मा तुमच्याकडेच आहे ना' असं विचारायला. दाराशी गेली की आधी कान लावून उभी राही. सर हे सगळं पाहत. एवढा सूर्य, एवढा वारा आणि उदारामबाबू, सगळं पार करून आपण शेवटी एका दुपट्ट्यापुढे हरलो, असं त्यांना वाटे.

आणि मग एका दुपारी दुपट्टा हलला. आतून बाबांचा हात आला, त्यानं सुतळी सोडली आणि फडकं खाली ओढलं. सर धावत अंगणात गेले.

"काय झालं, बाबा? काही पाह्यजे का?"

दार सरकवून बाबा म्हणाले, "काही नाही रे. दुपट्टा लावला होता त् मले काहीच दिसत नोयतं. गावी तुई माय गेल्यापासून नुसती भिंतच पाहात राह्यलो. इथंबी भिंतच पाहाची त् मी आलो कायले?" मग त्यांनी सरांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. "ते पुष्पा काय रांधून राह्यली, तेबी समजत नाही माणसाले."

बाबांनी दार लावून घेतलं, कारण झळ येत होती, आणि काचेच्या आत खाटेवर नीट तोंड करून बसले. स्वयंपाकघराच्या खिडकीत पुष्पांजली उभी होती. तिनं डोळे पुसले, आणि कारलं उचलून उंच धरून दाखवलं. बाबांनी जोरात मान हलवली. नाही. तिनं वांगं दाखवलं. बाबांनी विचार केला, आणि मान डोलावली.

सर भर उन्हात अंगणाच्या मधोमध उभे होते. एकदा इकडे पाहत, एकदा तिकडे पाहत, आणि त्यांना इतकं सुटल्यासारखं, इतकं हलकं वाटत होतं की उन्हाचंही भान नव्हतं. तेवढ्यात पुष्पांजली हातातलं वांगं हलवून त्यांना काहीतरी खुणावू लागली. आत बाबाही हात हलवत होते. सरांना वाटलं, आपलं कौतुक चाललंय. त्यांनीही हात हलवला.

"अहो, बाजूला व्हा!" पुष्पांजली ओरडली. "मामाजी दिसत नाहीयेत!"

सर बाजूला झाले.